मिशिगन लेकवर सॅमन गरवायला गेलो, त्याची हकीकत (आणि दोन-तीन प्रश्न)

कुंडलिकाकाठ | ४ ऑगस्ट, रात्री

बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे मिलवॉकीला आलेत. घर रेवदंड्याला, शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आणि नाद एकच: संध्याकाळी खाडीवर गरी टाकून बसणं. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना लेकवर नेलं. काठाशी वाकून त्यांनी बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाले, "गोडं आहे खरं. पण ह्याला तळं कोण म्हणतं?" उत्तर-दक्षिण लांबी जवळजवळ पाचशे किलोमीटर. रेवदंड्याहून सरळ दक्षिणेला निघालात तर गोवा ओलांडून कारवारच्याही पुढे जाल, एवढं. सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. त्यावर ते फक्त "हं" म्हणाले आणि मग विचारलं, "मासा कुठला मिळतो?"

तर परवा चार्टर बोट केली. रसीनच्या बंदरातून पहाटे पाचला. बोटीवर एक साठीचा कॅप्टन आणि हाताखाली विशीतला एक पोरगा, त्याला फर्स्ट मेट म्हणतात. आपल्याकडचे तांडेल आणि खलाशी समजा. गिऱ्हाइकं जास्तीत जास्त सहा. ह्या बोटी बहुतेक कोस्ट गार्डच्या ज्या परवान्यावर चालतात त्यात पैसे देणारी माणसं सहाच नेता येतात, म्हणून त्या परवान्याला 'सिक्स-पॅक' म्हणतात. आम्ही चौघं आणि शेजारचं जोडपं. पाच तासांचे साडेसातशे डॉलर, सहा जणांत वाटून. टिप वेगळी, ती त्या पोराला द्यायची असते.

निघायच्या आधीच एक फार्स झाला. मी डब्यात पोह्यांबरोबर सहा केळी घेतली होती. कॅप्टनने ती पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन! हसत हसत, पण अगदी ठामपणे, त्याने ती गाडीत ठेवून यायला लावली. बाबा खूश. "म्हणजे माणूस दर्यावर्दी आहे."

बंदराबाहेर तासभर गेलो. पाण्याची खोली पन्नास मीटरच्या आसपास. मग त्या पोराने जे मांडलं ते बघत बाबा नुसते उभे राहिले. बारा रॉड! दोन्ही बाजूंना डाउनरिगर नावाच्या चरख्या, त्यांच्या तारेला पाच-पाच किलोचे शिशाचे गोळे. रॉडची दोरी चिमट्याने त्या तारेला अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. गळ बरोबर हव्या त्या खोलीवर जातो. काही दोऱ्यांना ताटलीसारख्या चकत्या, त्या पाण्यात तिरक्या घुसतात आणि दोरी बोटीपासून लांब नेतात. काही दोऱ्यांच्या पोटातच शिसं, आणि दर दहा यार्डांना रंग बदलतो, म्हणून किती दोर सोडला ते 'पाच रंग', 'दहा रंग' असं मोजतात. आमिष म्हणजे जिवंत काही नाही: चमचे. खरंच चमच्याच्या आकाराचे रंगीत पत्रे, आणि फिरणाऱ्या पट्टीमागे लावलेल्या झालरीच्या माश्या. बोट माणूस भरभर चालेल तेवढ्या वेगाने पुढे जात राहते आणि हे सगळं लटांबर मागून येतं.

एवढ्या खाली का, तर उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि सॅमनला लागतं दहा ते तेरा अंशांचं. ते खाली असतं. कॅप्टनच्या गोळ्याजवळ तापमान मोजणारं यंत्र होतं आणि त्याचं सगळं लक्ष त्या आकड्यावर. आदल्या दोन दिवसांच्या वाऱ्याने थंड पाण्याचा थर खाली-वर झालाय, तो शोधतोय, असं म्हणाला.

पावणेसातला एक रॉड एकदम ताठ उभा राहिला आणि लगेच कमानीसारखा वाकला. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, म्हणून आधी ताठ. पोराने झडप घालून रॉड काढला आणि बाबांच्या हातात दिला. पुढची पंधरा-वीस मिनिटं मी बाबांना इतकं गप्प आणि इतकं तरुण कधी पाहिलं नाही. मासा तीनदा दोरी ओढत गेला, रीलची किर्रर्र ऐकून माझ्याच पोटात गोळा. शेवटी जाळीत आला तो किंग सॅमन, म्हणजे चिनूक. अठरा पौंड. हिरड्या काळ्या कुळकुळीत, अंग चांदीचं. सगळे टाळ्या वाजवतायत, बाबा घामाघूम, आणि म्हणतात, "जिताड्यासारखा ओढतो."

परत फिरेपर्यंत एकूण अकरा मासे झाले: चिनूक तीन, एक लेक ट्राउट, बाकी कोहो (सॅमनचीच लहान जात). एक स्टीलहेड (हाही ट्राउटच) उडी मारून सुटला तो वेगळाच.

आता खरी गोष्ट. घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "मजा आली. पण मासा मी नाही धरला. तो आधीच लागलेला होता. माझ्या बोटाशी काही बोललाच नाही." ते हातदोरीवाले आहेत. दोरी तर्जनीवर, मासा आधी चाचपतो, मग ओढतो, आणि झटका कधी द्यायचा ते बोट ठरवतं. इथे मासा स्वतःच अडकतो, चिमटा सुटतो, आणि आपण फक्त ओढून घ्यायचा. तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा आहे. सगळ्या चार्टर अशाच असतात का? शिवाय फ्रीजमध्ये सात-आठ किलो मासा आहे. त्याचं कोकणी पद्धतीने काय करता येईल? आणि लेकचा मासा जपून खा असं शेजारीण म्हणाली, ते काय प्रकरण आहे?

शाकाहारी_बोका | ४ ऑगस्ट

केळी उतरवायला लावली तिथेच मी बोटीतून उतरलो असतो. बाकी लेखन झकास. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

तळ्यात_मळ्यात | ५ ऑगस्ट

शिकागोहून हजेरी. आम्ही दरवर्षी एप्रिलच्या शेवटी किंवा मे मध्ये जातो, तेव्हा दक्षिण टोकाचं पाणी आधी तापतं आणि कोहो इंडियाना-शिकागोच्या किनाऱ्याला लागून असतात. अगदी वरच्या थरात, उथळ पाण्यात. लहान मासा, तीन-चार पौंडांचा, पण एकामागून एक. मग जसजसं पाणी तापतं तसे ते उत्तरेला सरकतात: वॉकीगन, विंथ्रॉप हार्बर, केनोशा, मग तुमच्याकडे. मोठे चिनूक हवे असतील तर जुलै-ऑगस्टच.

एक टीप: गोळी घ्या. तळं म्हणून हसू नका. समुद्राची लाट लांब असते, इथली आखूड आणि उभी, बोट सतत आपटत राहते. माझा मेहुणा मुंबई-मांडवा लाँचमध्ये ताठ उभा राहणारा माणूस, इथे दोन तास रेलिंगला मिठी मारून होता. गोळी आदल्या रात्री एक आणि पहाटे एक. बोटीवर चढल्यावर घेऊन उपयोग नाही.

आणि परवाना प्रत्येकाचा वेगळा लागतो, शिवाय सॅमन-ट्राउटचा स्टँप. तुमच्या विस्कॉन्सिनमध्ये दोन दिवसांचा ग्रेट लेक्स परवाना मिळतो, पाहुण्यांना तो बरा. माणशी दिवसाला सॅमन-ट्राउट मिळून पाच.

जिताडेप्रेमी | ५ ऑगस्ट

पेणहून. इथे पावसाने झोडपलंय, होड्या वर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेची वाट बघतोय, आणि तुम्ही चिनूक दाखवताय. जळजळ झाली, इनो घेतला.

बाबांशी शंभर टक्के सहमत. हे गरवणं नव्हे. हे म्हणजे लग्नात आयतं बोहल्यावर उभं राहणं. पाणी शोधलं कॅप्टनने, खोली ठरवली कॅप्टनने, गळ निवडला पोराने, मासा अडकला आपला आपण. राहिलं काय? हात दुखवून घेणं. त्याचे साडेसातशे डॉलर?

होकायंत्र | ५ ऑगस्ट

@जिताडेप्रेमी, थोडं कडक होतंय. पन्नास मीटर खोल पाण्यात, वीस-पंचवीस मीटरवरच्या माशाला हातदोरीने गाठणार कसं? शिवाय ह्या सॅमनला आमिष स्थिर नको असतं, पळणारं हवं. तो पाठलाग करून खातो. ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागून गळ ओढण्याला) पर्याय नाही असं नाही, पण पहिल्यांदाच आलेल्या सहा जणांना तरफडत ठेवायचं नसेल तर हाच मार्ग.

मी सिॲटलला असतो. आमच्याकडचे जुने मच्छीमार तुमच्या लेकच्या सॅमनला "तळ्यातला पाळीव" म्हणून हिणवतात. तो मूळचा इथला, पॅसिफिकचा. मिशिगन लेकमध्ये नेऊन सोडलेला.

गोडं_पाणी | ६ ऑगस्ट

ग्रँड रॅपिड्सला राहतो, ह्या विषयात जरा जास्तच वाचन झालंय, म्हणून लांबण लावतो. माफी.

होकायंत्र बरोबर आहेत, आणि 'नेऊन सोडलेला' ह्या दोन शब्दांत सगळी कथा आहे. ह्या लेकचा मूळचा मोठा शिकारी मासा लेक ट्राउट. विसाव्या शतकात त्याचा घात झाला दोन गोष्टींनी: बेसुमार मासेमारी आणि सी लॅम्प्रे. लॅम्प्रे म्हणजे ईलसारखा, जबडा नसलेला, तोंडाच्या जागी दातेरी चकती. ती मोठ्या माशाला चिकटवतो आणि रक्त पितो. तो अटलांटिकच्या बाजूचा. नायगारा धबधबा त्याची वाट अडवून होता. माणसाने जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालणारा वेलँड कालवा खणला, आणि १९३६ मध्ये लॅम्प्रे मिशिगन लेकमध्ये सापडला. १९५० च्या दशकापर्यंत लेक ट्राउट इथून जवळजवळ संपला.

मग मागोमाग आला एलवाइफ. आपल्या तारलीच्या गोतावळ्यातला, हातभर नव्हे, वीतभर मासा. १९४९ मध्ये इथे दिसला. खाणारं कोणी उरलंच नव्हतं, त्यामुळे बेफाम वाढला. आणि मूळचा खाऱ्या पाण्याचा असल्याने इथल्या थंडीत-उन्हाळ्यात गटागटाने मरायचा. १९६७ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या चौपाट्यांवर मेलेल्या एलवाइफचे ढीग यंत्रं लावून उचलावे लागले.

मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख म्हणून हॉवर्ड टॅनर १९६४ मध्ये आले. त्यांनी हिशेब उलटा मांडला: एवढं खाद्य फुकट पडलंय, तर खाणारा आणा. ओरेगॉनहून कोहोची अंडी मागवली, पिल्लं वाढवली आणि १९६६ च्या वसंतात प्लॅट नदीत आणि बेअर क्रीकमध्ये सोडली. पुढच्या वर्षी चिनूक. लॅम्प्रेची पिल्लं नद्यांमध्येच मारणारं रसायन तोवर सापडलं होतं, म्हणून हे जमलं.

१९६७ च्या शरदात ते कोहो मोठे होऊन परतले तेव्हा लोक वेडे झाले. वल्ह्याच्या होड्या घेऊन माणसं खुल्या पाण्यात. २३ सप्टेंबरला प्लॅट बेमध्ये वादळ झालं, सात जण बुडाले. आजचा चार्टर धंदा त्या वेडातून उभा राहिला. मोठी बोट, परवाना असलेला कॅप्टन, यंत्रं. तेव्हा साडेसातशे डॉलरमध्ये तुम्ही मासा विकत घेत नाही, अशा पाण्यावरून घरी परत येण्याची सोय विकत घेता.

जिताडेप्रेमी | ६ ऑगस्ट

मागे घेतो. पण अर्धंच. :)

म्हणजे राज्याने मासा सोडला, कॅप्टनने शोधला, गळाने धरला आणि बाबांनी ओढला. रांगेत शेवटचे बाबा.

कुंडलिकाकाठ | ६ ऑगस्ट

@गोडं_पाणी, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. कालव्याचं ऐकून म्हणाले, "धबधबा होता तोवर दाराला कडी होती." मग बराच वेळ गप्प.

@तळ्यात_मळ्यात, गोळ्या घेतल्या होत्या. शेजाऱ्याने घेतली नव्हती. अधिक लिहीत नाही.

सोलकढी | ६ ऑगस्ट

स्वयंपाकाचं कोणीच बोलेना म्हणून मी. टोरांटोला पंचवीस वर्षं सॅमन रांधतेय.

पहिली गोष्ट, मुंबईत दुकानात 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात तो रावस, आणि त्याचा सॅमनशी काही संबंध नाही. त्यामुळे रावसाची रेसिपी डोळे मिटून लावू नका. सॅमनला स्वतःचं तेल भरपूर असतं. नारळाच्या घट्ट रसात घातला तर कालवण जड होतं, तवंग येतो. मी नारळ निम्मा करते आणि आमसुलं दुप्पट. तिरफळं असतील तर चार ठेचून घाला, तेलाचा उग्रपणा मारतात. तुकड्या रसाला उकळी आल्यावर टाका, पाच-सहा मिनिटांत बंद. ढवळायचं नाही, भांडं हलवायचं.

कोहो तळायला उत्तम. हळद, तिखट, मीठ, आल-लसूण, आमसुलाचं आगळ, वर रवा. तेल अगदी कमी, कातडीकडची बाजू आधी. चिनूकच्या जाड तुकड्या मात्र भाजा किंवा धुरावा. लेक ट्राउट सगळ्यात तेलकट. तो मी घेतच नाही.

गाबोळी होती का? की पोराने फेकली?

कुंडलिकाकाठ | ७ ऑगस्ट

फेकली!! धक्क्यावर त्याने दहा मिनिटांत अकरा मासे साफ करून पिशव्या भरून दिल्या, आणि डोकी, काटे, गाबोळी सगळं टबात. बाबांचा जीव कळवळला. "डोक्याचं कालवण..." एवढंच म्हणाले. पुढच्या वेळी आधीच सांगायचं ठरलंय.

गोडं_पाणी | ७ ऑगस्ट

डोकी मागाल तेव्हा जपून, त्याला कारण आहे (खाली लिहितो). आधी खाण्याचं.

शेजारीण बरोबर सांगते. लेकच्या माशात पीसीबी नावाची जुनी कारखानी रसायनं असतात. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९ मध्येच बंदी आली, पण गाळात राहिली आणि लहान माशातून मोठ्या माशात साठत गेली. ती चरबीत बसतात. म्हणून मोठा, म्हातारा, तेलकट मासा सगळ्यात वाईट: लेक ट्राउट पहिला, मग मोठा चिनूक, लहान कोहो बरा. कातडी काढा, पोटाकडची आणि पाठीवरची चरबी आणि बाजूची काळपट पट्टी कापून टाका, आणि जाळीवर भाजा म्हणजे तेल गळून जाईल. सोलकढीताई, कालवणात ते तेल रसातच राहतं, तेवढं लक्षात असू द्या. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी राज्याच्या आरोग्य खात्याचे तक्ते आहेत, कुठला मासा महिन्यातून किती वेळा ते त्यात दिलंय. ते पाहूनच वाढा. गाबोळी आणि डोकं म्हणजे चरबीच, तेव्हा ती गेली त्याचं फार दुःख नको.

आता डोक्याचं. हॅचरीत (अंडी उबवून पिल्लं वाढवतात त्या केंद्रात) वाढवलेल्या चिनूकच्या पिल्लांचा सोडण्याआधी एक पर कापतात. पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, छोटा मांसल पर असतो, काटे नसलेला. तोच. आणि नाकाडात केसाएवढ्या तारेचा तुकडा घालतात, त्यावर खूण असते. तसा मासा मिळाला की डोकं जमा करून घेतात, त्यावरून तो कुठे आणि कधी सोडला ते कळतं.

गंमत म्हणजे ह्यातून कळलं की लेकमधले निम्म्याहून जास्त चिनूक आता सोडलेले नाहीतच. मिशिगनच्या नद्यांत स्वतः चढून, अंडी घालून, तिथेच जन्मलेले. होकायंत्र, तुमच्या मित्रांना सांगा: पाळीव उरला नाही.

होकायंत्र | ७ ऑगस्ट

सांगतो. ऐकणार नाहीत. :)

पण मग सोडायचे कशाला अजून?

गोडं_पाणी | ७ ऑगस्ट

चिनूक कमीच केलेत. २०१३ मध्ये सोडण्याचं प्रमाण जवळपास अर्ध्यावर आणलं. कारण खाद्य. जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर क्वागा नावाचे शिंपले आले, ते लेकचा तळ व्यापून बसलेत आणि पाणी गाळून सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. पाणी काचेसारखं स्वच्छ झालंय, बघायला सुंदर, पण एलवाइफला खायला कमी. आणि चिनूक एलवाइफशिवाय दुसरं फारसं खात नाही. शेजारच्या ह्युरॉन लेकमध्ये एलवाइफ संपला आणि २००४ च्या सुमारास चिनूकही कोसळला, काठावरच्या गावांचा चार्टर धंदा त्याबरोबर बसला. ज्या माशाचे ढीग लोकांनी नाक दाबून उचलले, तो वाचावा म्हणून आता चार राज्यं हिशेब करतात.

तरी मोठे मासे आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लडिंग्टनजवळ चार्टरवर ४७.८६ पौंडांचा चिनूक मिळाला, मिशिगन राज्याचा विक्रम. आणि कुंडलिकाकाठ, तुमच्या रसीनचाही मान आहे: २०१० मध्ये तिथे ४१ पौंड ८ औंसांचा ब्राउन ट्राउट निघाला, तेव्हाचा जागतिक विक्रम.

तळ्यात_मळ्यात | ८ ऑगस्ट

रसीनचा विषय निघालाय तर: ऑक्टोबरपर्यंत बाबा असतील तर रूट नदीवरचं स्टीलहेड केंद्र दाखवा. लेकमधून नदीत चढणारे मासे तिथे अडवून अंडी घेतात. काचेतून पोहणारे सॅमन दिसतात. मुलांनाही आवडतं, आणि फुकट.

आणि बाबांना हातदोरीच हवी असेल तर धक्क्यावर बसून पर्च गरवा. तळहाताएवढा मासा, चवीला एक नंबर, आणि बोटाशी भरपूर बोलतो.

गोडं_पाणी | ८ ऑगस्ट

@कुंडलिकाकाठ, बाबांच्या चिनूकचा फोटो असेलच. शेपटीच्या अलीकडे पाठीवर तो छोटा पर आहे का बघा.

कुंडलिकाकाठ | ८ ऑगस्ट, रात्री

चार फोटो आहेत. तिघांत बाबांचा हात नेमका तिथेच. चौथ्यात दिसतोय. आहे! अंगठ्याच्या नखाएवढा, अखंड.

गोडं_पाणी | ८ ऑगस्ट

मग बहुधा नदीतला. सोडलेला असता तर पर कापलेला असता.

जिताडेप्रेमी | ९ ऑगस्ट

म्हणजे रांगेतून राज्य कटाप. बाबा एक नंबर वर सरकले.

कुंडलिकाकाठ | १० ऑगस्ट

बाबांना दाखवला तो फोटो. चष्मा लावून, मोठा करून पाहिला. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि तो पेपराएवढा छापून आण म्हणून नवऱ्याच्या मागे लागलेत, रेवदंड्याला न्यायचाय.

काल सोलकढीताईंच्या पद्धतीने कोहो रव्यात तळला, चरबीची पट्टी कापून. लेक ट्राउट अजून तसाच आहे, तो कोणाला हवा असेल तर सांगा. उद्या धक्क्यावर पर्चला जातोय. हातदोरी इथे दुकानात मिळाली नाही, तेव्हा बाबांनी रीलमधली दोरी काढून लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळली आहे. शिसं किती वजनाचं लावावं, आणि आमिषाला इथे काय मिळतं?

तळ्यात_मळ्यात | १० ऑगस्ट

अर्धा औंस पुरे. आमिषाच्या दुकानात मिनो नावाचे बारीक मासे मिळतात, डझनावर. सकाळी लवकर जा, नऊनंतर ऊन आणि माणसं दोन्ही वाढतात. केळी चालतील.